परसबाग: आधी कुंपण, मग खत, बी सर्वांत शेवटी

मृगाचा पाऊस पडला की आठवडी बाजारात बियाण्याची पाकिटं दिसू लागतात. आपण हौसेनं दहा-बारा पाकिटं आणतो आणि सांदवाडीत (घरामागच्या परसात) मोकळी जागा दिसेल तिथं टोचून मोकळे होतो. आठ दिवसांत कोंब येतात. घरात सगळ्यांना आनंद होतो. पोळ्यापर्यंत मात्र तिथं गाजरगवत आणि त्यात शिरलेली शेजारच्यांची बकरी एवढंच शिल्लक असतं. मग कोणीतरी म्हणतं, "बीच खराब होतं."

बी बहुधा खराब नसतं. विदर्भात परसबाग फसते ती चिकट काळी माती, मे महिन्याचं ऊन, मोकाट जनावरं आणि कच्चं शेण यांच्यामुळं. म्हणून इथं क्रम उलटा ठेवला आहे: कुंपण, माती, खत, पाणी, वाफे आणि त्यानंतर बी. मी लिहिते आहे ते मुख्यतः वर्धा-यवतमाळकडच्या काळ्या जमिनीबद्दल. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा धानपट्टा आणि अकोला-अमरावतीचा खारपाण पट्टा यांचं गणित वेगळं आहे. जिथं फरक पडतो तिथं तसं सांगत जाईन.

लागणारं सामान

सब्बल, टिकास, फावडं, घमेलं, खुरपं, विळा, झारी किंवा बुडाला भोकं पाडलेला डबा, दोन बादल्या, जुनी गोणपाटं आणि सुतळी. एवढ्यावर काम भागतं. फवारणीसाठी एक-दोन लिटरचा हातपंप मात्र नवा घ्या. शेतात कपाशीवर औषध मारलेला किंवा तणनाशकाला वापरलेला पंप कितीही धुतला तरी परसबागेत आणू नका. टू-फोर-डीसारख्या तणनाशकाचा अंश पंपात राहिला तरी टमाट्याची आणि वेलांची पानं वाकडीतिकडी होतात. औषधाच्या रिकाम्या कॅन धुऊन पाण्यासाठी वापरणं तर त्याहून वाईट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या भाज्या आपण घरच्या लेकरांना खाऊ घालणार, त्यांच्याजवळ ती भांडी नकोतच.

१. जागा आणि कुंपण

दिवसाचं किमान सहा तास ऊन लागणारी आणि घरातून पाणी नेता येईल अशी जागा पाहा. लांबच्या वाडीपेक्षा न्हाणीजवळचा तुकडा बरा, कारण जाता-येता नजर पडते. पहिल्या वर्षी ३ फूट रुंद आणि १० फूट लांब असे चारच वाफे करा. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. काळी माती एकदा तुडवली की विटेसारखी बसते.

मोठी झाडं उत्तरेला लावा, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर येणार नाही. पश्चिमेला मुंगना (शेवगा) किंवा पपई चालते. उन्हाळ्यातलं तीन-चार वाजताचं ऊन ती अडवतात. मुंगन्याची फांदी ठिसूळ असते, वादळात मोडते, म्हणून तो छपराच्या कवेलूंपासून (कौलांपासून) आणि विजेच्या तारेपासून लांब ठेवा.

आता कुंपण. रब्बीची पिकं निघाली की गावात जनावरं मोकळी सुटतात. कुंपण नसेल तर पुढचं काही वाचूच नका. स्वस्तातलं कुंपण म्हणजे बोराट्या आणि पऱ्हाट्या. कपाशी उपटल्यावर पऱ्हाट्या फुकट मिळतात. मधे मधे बांबू रोवायचे, त्यांना आडव्या तुराट्या बांधायच्या आणि खालून बोराट्यांचा थर द्यायचा. कोंबड्यांसाठी बुडाला दोन फूट जुनी जाळी लागते. हे कुंपण दरवर्षी डागडुजी मागतं. कायमचं हवं असेल तर करवंद किंवा मेंदीची जिवंत बाड लावा. तिला जोर धरायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर पऱ्हाट्या आहेतच.

जंगलालगतच्या गावांत माकडांचा प्रश्न मोठा. मेळघाट, पेंच, ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायला नको. माकडाला कुंपण अडवत नाही. तिथं हळद, आलं, सुरण, मिरची, कारलं यांवर भर द्या, कारण यांच्याकडे ती फारशी वळत नाहीत. भेदरं (टमाटे), जाम (पेरू), काकडी लावायची तर जाळीखालीच.

२. माती समजून घ्या

काळी माती कसदार आहे, पण तिला दोन तोंडं आहेत. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांबरोबर मुळं तुटतात. बागेत पुढं जे जे करायचं ते या दोन गोष्टी लक्षात ठेवूनच.

माती ओली असताना तिच्यात काहीही करू नका. वाफसा येऊ द्या. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा होऊन बोटाच्या टोच्यानं फुटला तर वाफसा आहे. लाडवासारखा चिकट राहिला तर फावडं भिंतीला टेकवून ठेवा आणि दोन दिवस थांबा. ओल्यात खणलेली काळी माती वाळली की ढेकळं होतात, आणि ती ढेकळं पुढचा पाऊस येईपर्यंत फुटत नाहीत.

अनेक जण माती हलकी करायला नदीची वाळू टाकतात. घमेलंभर वाळूनं काही होत नाही. काळ्या मातीला मोकळी करतं ते कुजलेलं खतच.

आणखी एक सवय चुलीच्या राखेची. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी असते, सामू (पीएच) ७.५ ते ८.५ च्या दरम्यान. त्यात घमेली भरून राख ओतली की सामू आणखी वाढतो, लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही आणि लिंबाची नवी पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहतात. माव्यावर चिमूटभर राख भुरभुरायला हरकत नाही. राखेला खत समजू नका. अंड्याच्या टरफलांचंही तेच. त्यांतून मिळणारा चुना आपल्या मातीत मुबलक आहे.

शंका असेल तर माती तपासून घ्या. परसातल्या चार-पाच जागी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा करा, कडेची माती खरवडा, सगळी मिसळून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. खताच्या जुन्या पोत्यावर माती वाळवली तर तपासणी चुकते. नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यायचा. वर्ध्याला सेलसुरा, चंद्रपूरला सिंदेवाही, भंडाऱ्याला साकोली, वाशीमला करडा इथं अशी केंद्रं आहेत. पिशवीत नाव, गाव, आधी कोणतं पीक होतं आणि आता काय लावणार याची चिठ्ठी टाका. फॉर्मवर गट नंबर विचारतात आणि तिथं नवी माणसं अडकतात, कारण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. तलाठ्याकडून मिळणारा आठ-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. फळबाग लागवडीच्या सरकारी योजना सातबाऱ्यावर चालतात, तेव्हा परसातल्या दोन झाडांसाठी त्यांची वाट पाहत बसू नका. खताच्या टाक्याचं मात्र रोजगार हमीतून होऊ शकतं. त्यासाठी जॉबकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

धानपट्ट्यात माती हलकी असेल तर पाणी साचण्याची भीती कमी, पण ती लवकर सुकते. तिथं खत आणि आच्छादन दुप्पट धरा. खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट असतं. तिथं छपराचं पावसाचं पाणी टाक्यात साठवा आणि रोपं त्यावर वाढवा. पालक आणि बीट खारेपणा बऱ्यापैकी सोसतात. वाल, गाजर, कांदा लवकर मान टाकतात.

३. खत: इथं घाई चालत नाही

बागेचं खरं काम हेच आहे आणि ते बी टाकण्याच्या तीन-चार महिने आधी सुरू होतं.

गोठ्यातलं ताजं शेण थेट वाफ्यात टाकू नका. कच्च्या शेणामागं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, वाळवी येते, आणि जनावरानं खाल्लेल्या गवताचं बी तुमच्या मेथीत उगवतं. उकिरड्यावरचं खतही वरून काळं दिसतं, पण ढिगाच्या पोटात हात घातला तर गरम लागतं. गरम म्हणजे अजून शिजतंय. तयार खत थंड असतं, भुसभुशीत असतं, त्याला पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास येतो आणि त्यात काडी ओळखू येत नाही.

खत करायची उत्तम पद्धत आपल्याच भागातली आहे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. मूळ टाकं साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतं. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली असतात. परसबागेला एवढं मोठं लागत नाही. ४ बाय ३ फुटांचं, सुट्या विटा रचून किंवा तुराट्यांचा कूड करून केलेलं टाकं पुरतं. त्यात भरायचं असं:

खाली वीतभर काडीकचरा: सोयाबीनचं कुटार (भुसा), तूर-हरभऱ्याचं कुटार, वाळलेली पानं, भाजीची देठं. धानपट्ट्यात तणस (भाताचा पेंढा). त्यावर शेणाचा पातळ काला शिंपडा. त्यावर बोटभर माती पसरा. पुन्हा कचरा, पुन्हा काला, पुन्हा माती. टाकं भरलं की वरून शेणमातीनं लिंपून घ्या. पऱ्हाट्या अख्ख्या टाकू नका, वर्षभरातही कुजत नाहीत. बारीक तुकडे करा किंवा कुंपणालाच राहू द्या. ओल जपा. उन्हाळ्यात हा ढीग आतून सुकतो आणि मग तसाच पडून राहतो, म्हणून आठवड्यातून एकदा भोकांमधून पाणी घाला आणि वर गोणपाट टाका. तीन ते चार महिन्यांत खत होतं.

जानेवारी-फेब्रुवारीत भरलं तर मृगाला तयार. मृगाच्या आसपास भरलं तर दसऱ्याला.

ढिगात, कुटारात किंवा आच्छादनाखाली हात घालण्याआधी काडीनं हलवून पाहा. पावसाळ्यात विंचू आणि साप तिथंच आसरा घेतात.

जीवामृताबद्दल सगळे विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ते गावोगावी पोचवलं. एकरी प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे. परसबागेसाठी १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, गोणपाटानं झाका, सकाळ-संध्याकाळ काडीनं ढवळा. दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्या, आठवड्यात संपवा. वाफ्यात ओल असतानाच पंधरा दिवसांतून एकदा मुळाशी द्यायचं. माझं मत विचाराल तर जीवामृत हे विरजण आहे. मातीत कुजलेला पालापाचोळाच नसेल तर नुसतं विरजण टाकून काय लागणार? आधी खत, मग जीवामृत.

४. पाणी

मे महिन्यात ३ बाय १० फुटांच्या वाफ्याला रोज साधारण दोन बादल्या पाणी जातं. आच्छादन असेल तर एकीवर भागतं. नळाला चार दिवसांनी पाणी येत असेल तर उन्हाळ्यात किती वाफे जगवायचे ते या हिशेबानं आधीच ठरवा. चारपैकी एकच ठेवला तरी चालेल.

न्हाणीचं पाणी वापरायला हरकत नाही, पण ते केळी, पपई, अळू यांना द्या. साबणाचं आणि कपडे धुतलेलं पाणी मेथी-पालकाला नको.

वेलांसाठी मडक्याची युक्ती उत्तम. पाच-सात लिटरचं, बिनारंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भोवती दोडक्याचं किंवा ढेमशाचं बी टोचा आणि मडकं भरून झाकण ठेवा. मातीला हवं तेवढंच पाणी पाझरतं. झाकण विसरलात तर त्यात डास होतील.

पाणी सकाळी उजाडताना किंवा सूर्य कलल्यावर द्या. पावसाळ्यात तीन-चार दिवसांची उघडीप पडली म्हणून लगेच झारी घेऊ नका. काळ्या मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत ओल असेल तर राहू द्या.

५. वाफे: पावसाळ्यात उंच, उन्हाळ्यात खोल

पावसाळ्यासाठी गादीवाफे करा, जमिनीपासून वीत ते फूटभर उंच. मधे दीड फुटाची वाट ठेवा आणि त्या वाटेला उतार देऊन पाणी बाहेर काढा. सपाट वाफ्यात लावलेली मिरची आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत दोन दिवस पाण्यात उभी राहिली तर मुळं सडतात, आणि ऊन पडताच झाड सुकतं. माणूस समजतो पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी घालतो.

उन्हाळ्यात उलटं करायचं. तेच वाफे सपाट करून कडेला मातीची बांधोळी घाला, म्हणजे दिलेलं पाणी आतच राहील. वर तीन-चार बोटं जाड कुटार पसरा. सोयाबीनचं कुटार वाऱ्यानं उडतं, म्हणून पसरल्यावर त्यावर पाणी मारा. नवतप्याच्या (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) आधी पालेभाजीच्या वाफ्यावर तुराट्यांचा मांडव किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी टाका.

प्रत्येक वाफ्यात दर हंगामाला दोन-तीन घमेली तयार खत, वरच्या वीतभर मातीत मिसळून.

६. सुरुवात दसऱ्याला करा

नवीन माणसानं मृगाला बाग सुरू करू नये. पावसाळ्यात तण, चिखल, कीड आणि शेतातली कामं सगळं एकाच वेळी येतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरलेला असतो, ऊन सोसवतं, कीड कमी असते आणि पालेभाजी महिनाभरात ताटात येते. पावसाळा कुंपण आणि खतात घालवा, पहिलं बी दसऱ्याला टाका.

*दसरा ते डिसेंबर:* मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर, लसूण, वाटाणा. भेदरं आणि कोबीची रोपं. सांबाराचे धणे वहाणेनं हलके रगडून दोन फाकी करा, अख्खे टाकू नका. मेथी आणि सांबार सगळं एकदम पेरू नका. पंधरा-पंधरा दिवसांनी चतकोर वाफा पेरत गेलात तर होळीपर्यंत पुरतं. पालक मुळासकट न उपटता कापून घ्या, तीन-चार वेळा फुटतो.

*मध्य जानेवारी ते फेब्रुवारी:* भेंडी, गवार, ढेमसं, काकडी, दोडकं, कारलं, कोहळं. थंडी ओसरण्याआधी टोचलं तर बी कुजतं. मार्च उजाडल्यावर टोचलं तर फुलं येईपर्यंत ऊन चढतं आणि ती गळतात. ही फट गावागणिक थोडी मागंपुढं होते, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

*एप्रिल-मे:* चिवळ, माठ, अंबाडी, पुदिना एवढंच, तेही मांडवाखाली. भेदरं लावू नका. रात्रही तापू लागली की फूल येतं पण फळ धरत नाही. रिकाम्या वाफ्यांत खत पसरून वर कुटार टाकून ठेवा.

*पाऊस स्थिरावल्यावर:* भेंडी, गवार, बरबटी (चवळी), अंबाडी, दोडकं, कारलं. वांगी-मिरचीची रोपं मे अखेरीस उंच वाफ्यात टाका, महिना-सव्वा महिन्यात लावणीला येतात. पोपटाचा (वालाचा) वेल कुंपणावर चढवा, शेंगा हिवाळ्यात मिळतात. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) ताटाला सोळा भाज्या लागतात. त्यातल्या निम्म्या घरच्या हव्या असतील तर भेंडी, गवार आणि दोडकं जूनअखेर जमिनीत गेलेलं पाहिजे. हळदीचे कंदही याच सुमारास लावा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद मिळाली तर तीच, रंगाला तिच्यासारखी दुसरी नाही.

७. बी आणि रोपं

पाकीट फोडल्यावर बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. सेंद्रिय बागेला ते नको, आणि उरलेलं कोंबड्यांपुढं तर मुळीच टाकू नका. बिनरंगाचं बी मागा. पुढच्या वर्षी घरचं बी धरायचं असेल तर पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलेलं घेऊ नका, त्याची पुढची पिढी सारखी निघत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सरळ वाण आपल्या हवामानात निघालेले आहेत: अकोला बहार भेंडी, अरुणा वांगं. बचत गटात असाल तर उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) परसबाग मोहिमेत बियाण्याचे संच येतात का ते ताईंना विचारून ठेवा.

भेंडीचं बी रात्रभर भिजवा, कारल्याचं पूर्ण एक दिवस. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही. काळ्या मातीवर पाऊस पडून ऊन आलं की वर पापडी धरते आणि कोंब अडकतो. बी टोचल्यावर वर मातीऐवजी चाळलेलं खत पसरा.

८. फळझाडं

लहान परसाला एक लिंबू, एक जाम, दोन पपया, एक मुंगना आणि दाराशी गोडनिंब (कढीपत्ता) पुरे. न्हाणीला केळी. मुरमाड जागा असेल तर सीताफळ. आंबा लावायचा तर घरापासून लांब.

खड्डे एप्रिल-मेमध्ये २ बाय २ बाय २ फुटांचे खणून उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, निम्म्याला निम्मं तयार खत आणि किलोभर निंबोळी पेंड. काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात रांजणासारखा भरतो आणि झाड आत बुडतं, म्हणून खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंचवटा येईल असा भरा आणि झाड त्या उंचवट्यावर लावा. पपईला तर हे लागतंच. एक-दोन दिवस पाणी साचलं तरी ती बुडातून सडते.

गाडीवर रोपं विकायला येणाऱ्यांकडून घेऊ नका. "वर्षात फळ" सांगून दिलेलं झाड पुढं कोणतं निघेल याचा भरवसा नाही. विद्यापीठाची, शासकीय किंवा ओळखीची रोपवाटिका गाठा. कमरेएवढं उंच रोप मोहात पाडतं, पण पिशवीत वेटोळी झालेल्या मुळांपेक्षा गुडघ्याएवढं तरणं रोप बरं. कलम असेल तर जोड मातीच्या वर ठेवा, आणि जोडाखालून फुटणारे कोंब वेळच्या वेळी खुडा.

लिंबाचं खोड कोरडं राहिलं पाहिजे. आळं दुहेरी करा: खोडाभोवती मातीचा चढ, त्याबाहेर पाण्याची गोल चर. पाणी खोडाला टेकलं की बुंध्यातून डिंक गळतो, साल सुटते आणि झाड जातं. पावसाळ्यापूर्वी खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी याच प्रमाणात थोडंसं करा, प्लास्टिकच्या भांड्यात. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर निरखून पाहा, ती अळी असते. हातानं वेचा.

जामाला पावसाळ्यातही फळं येतात, पण त्यात फळमाशीच्या अळ्या भरतात. एप्रिल-मेमध्ये मोठ्या झाडाचं पाणी तोडलं तर पावसात फुलं येतात आणि हिवाळ्यात गोड, बिनअळीची फळं मिळतात. पपईत नर-मादी वेगळी झाडं निघतात, म्हणून साध्या वाणाची तीन रोपं एका खड्ड्यात लावून फुलं आल्यावर नर काढा. सगळे नर मात्र काढू नका.

मुंगना कंबरभर झाला की शेंडा छाटा. नाहीतर शेंगा आकाशात आणि आपण खाली.

९. कीड

आपल्याभोवती कपाशीच कपाशी. भेंडी तिच्याच घराण्यातली, त्यामुळं तुडतुडे आणि पांढरी माशी शेतातून परसात येणारच. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं भेंडीचं झाड दिसलं तर उपटा, तो केवडा आहे आणि त्यावर औषध नाही. पत्र्याच्या तुकड्याला पिवळा रंग देऊन एरंडीचं तेल चोपडा आणि झाडांच्या उंचीवर टांगा. माशी चिकटते. वाफ्यांच्या कडेनं झेंडू आणि मका लावा.

वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबताना दिसला तर आत अळी आहे. दोन बोटं खालून खुडा आणि जाळा. रोज सकाळी हा एक फेरा मारला तर वांग्यावर फवारणीची वेळ फार कमी येते.

मुख्य औषध निंबोळी अर्क. जून-जुलैमध्ये झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि गोणपाटात ठेवा. १० लिटर फवाऱ्यासाठी अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घाला. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, २० ग्रॅम साबण किसून मिसळा आणि पाणी घालून १० लिटर करा. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात त्यातला गुण उडून जातो. त्याच दिवशी संपवा. यानं किडे टपाटप मरून पडत नाहीत. त्यांचं खाणं आणि वाढणं थांबतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा. दुसऱ्या दिवशी मावा तसाच दिसला म्हणून कोणी दुकानातून बाटली आणू नका.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगा मावा खातो. त्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी लोक कीड समजून चिरडतात. राहू द्या. हिवाळ्यात वाटाण्यावर आणि कोहळ्यावर भुरी आली तर आंबट ताक एकास दहा पाण्यात मिसळून पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा.

१०. घरचं बी धरताना

प्रत्येक भाजीचं सगळ्यांत जोमदार झाड बियाण्यासाठी राखून त्याला चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कोणी तोडणार नाही. शेवटची उरलेली कोडगी फळं बियाण्याला ठेवण्याची पद्धत सोडा. भेंडी, बरबटी, गवार, पोपट यांच्या शेंगा झाडावरच खडखडीत वाळू द्या. वांगं पिवळं होऊन लिबलिबीत झाल्यावर बी धुऊन काढा. भेदराचं बी गरासकट दोन दिवस भांड्यात आंबू द्या, वरचा फेस टाका, धुवा, ताटलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. दोडकं आणि कारलं शेजारच्या वाडीतल्या वेलाशी संकरतं, म्हणून हवा तोच वाण टिकवायचा तर सकाळी उमलणारं कारल्याचं मादी फूल आदल्या संध्याकाळी कापडी पिशवीत बांधा. दोडक्याचं संध्याकाळी उमलतं, ते दुपारीच बांधा. उमलल्यावर नर फुलाचा पराग हातानं लावा आणि पुन्हा बांधून ठेवा.

बी दातानं कट्कन तुटलं की वाळलं समजा. काचेच्या बरणीत तळाशी चुलीची चाळलेली कोरडी राख, वर कापडाच्या पुरचुंडीत बी, त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला. झाकणावर भाजीचं नाव आणि वर्ष लिहा. बरणी चुलीपासून आणि पत्र्याच्या छपरापासून लांब, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. कांद्याचं बी वर्षभरातच वापरा, ते लवकर मरतं. भेंडी आणि वांग्याचं दोन-तीन वर्षं टिकतं. पेरणीआधी दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. सातापेक्षा कमी उगवले तर दाट टोचा, चारही उगवले नाहीत तर नवं आणा.